जलपरीला रंग दिला

"रंग कधी दिला?" अविनाशनं विचारलं आणि मशीनच्या अंगाला लावलेलं बोट उचललं. बोट निळंशार झालं होतं.

"परवाच्या दिशी," किसनराव अभिमानानं म्हणाले. "आमच्या कडूबानं देल्ला. पोळ्याले बैलाची शिंगं रंगवते ना, थो. हात चांगला हाये त्याचा."

अविनाश पुण्याहून मोताळ्याला आला होता. जुनी खेळयंत्रं शोधून हौशी लोकांना विकणं हा त्याचा धंदा. किसनरावांचं हे पिनबॉल, गावच्या भाषेत गोळीचं मशीन, परदेशी आणि चांगलं जुनं. अकोल्यातलं एक हॉटेल बंद पडताना त्यांनी ते उचललं आणि उभी हयात जत्रांमधून फिरवलं. खेळणाऱ्यांनी रेटून रेटून त्याच्या दोन्ही बाजूंवर रंगवलेली जलपरी पार झिजवून टाकली होती. उन्हाळ्यात अविनाश तिचे फोटो घेऊन गेला, भाव सांगून गेला, आणि त्या भरवशावर किसनरावांनी बायकोच्या, सिंधूताईंच्या, खुब्याच्या ऑपरेशनची तारीखही घेऊन ठेवली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

मग मागच्या आठवड्यात अविनाशचा फोन आला. कंपनीनं तेच मॉडेल पुन्हा काढलंय, भाव पडलेत, तरी येऊन बघतो. किसनरावांच्या मुलीनं, धम्मशीलानं, त्यांना मोबाइलवर ते नवं मशीन दाखवलं. नव्या नवरीसारखं चकचकीत! किसनरावांना वाटलं, याच्यापुढे आपलं कोण घेणार? त्यांनी पॉलिश पेपर आणला, दोन्ही बाजू लाकडापर्यंत घासल्या आणि कडूबाला बोलावलं. बुडणारा माणूस हातपाय मारतोच. यांनी तर मन लावून मारले.

"काका, हे काय करून बसलात?" अविनाश मटकन खाटेवर बसला. "ज्यांना नुसतं खेळायचंय ते आता नवंच घेतात, गॅरंटीसकट. कंपनीची चांदी झाली. इतकी वर्षं जुनी मशीनं हात बदलायची, तिला दमडी मिळायची नाही. आता सगळं गिऱ्हाईक तिच्या दारात. जुन्याला विचारतात ते फक्त वेडे हौशी, आणि त्यांना पहिल्या दिवसाचाच रंग लागतो. कितीही झिजलेला असू दे. बंगळुरूचा एक जण त्या झिजलेल्या जलपरीसाठीच थांबला होता."

"झिजल्याचे पैसे देनार व्हता थो?"

"हो."

"मंग फोनवर काऊन नाई सांगतलं? पाव्हना येनार म्हनलं का आमी घर सारवतो, साहेब. पोपडे दाखवत नाई कोनाले."

असंही काही सांगावं लागेल, हे अविनाशच्या ध्यानीमनी नव्हतं.

किसनराव उठले. कडूबा विसरून गेलेली थिनरची बाटली आणि एक फडकं त्यांनी घेतलं. "थांबा. खाली असन थे. काढतो मी."

ते घासायला लागले. निळा रंग ओघळला, फडकं भिजलं, मनगटापर्यंत हात माखले, आणि खालून निघालं ते कोरं लाकूड. ते आपणच कोरं केलंय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी घासणं थांबेना. बघवत नव्हतं अगदी.

"काका, पुरे. आतले सुटे भाग मी घेईन. पण ठरलेलं आता नाही जमणार."

"साहेब, डाक्टरची तारीख घेतली हो. तिले रातभर झोप नाई." गडी रडायचाच बाकी होता. "पाया पडतो तुमच्या."

आतल्या दाराची चौकट धरून सिंधूताई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी चौकट सोडली. चार महिन्यांत पहिल्यांदाच कशाचाही आधार न घेता त्या ओसरीवर चालत आल्या. ओठ घट्ट मिटलेले, कपाळ घामानं भरलेलं.

"काहो, कायले भंडावून राह्यले त्या पोराले? मले तं बरं वाटून राह्यलं आता. ऑपरेशनची काई गरज नाई. पाहा ना, चालून राह्यली का नाई मी?"

लुगड्याआडचा पाय लटलट कापत होता. अविनाशनं नजर दुसरीकडे वळवली.

"हाव. चालून राह्यली," किसनराव म्हणाले, आणि तिचा तोल गेलाच तर धरता यावं म्हणून त्यांनी हातातलं फडकं खाली टाकलं.