उंबराखालचं खाचर

जैतूच्या बाराव्याला बुंदी होती. तीन गावची माणसं पोटभर जेवली, हात धुऊन पान तोंडात घातलं, आणि जाता जाता एकेकजण गिरजाला सांगून गेला की बारावं असं व्हावं. गिरजा कुडाला टेकून बसली होती. नवरा बारा दिवसांपूर्वी गेला होता. उंबराखालचं भाताचं खाचर मात्र त्या दिवशी गेलं, त्या पंगतीत, पत्रावळीबरोबर.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला लागून गाव आहे, तिथली. खाचर कसं गेलं ते नीट सांगायला हवं, कारण गावात अजून काहीजण म्हणतात की गिरजाने राजीखुशीने दिलं. राजीखुशीने! त्यांच्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

जैतू तीन महिने अंथरुणाला खिळून होता. आपण उठत नाही हे त्याला कळलं तेव्हा त्याने बायकोला जवळ बसवून सांगितलं होतं, माझे दिवस पाचात आटप, गावाला जेवण घालू नको. पोर नाही, बाळ नाही, त्या खाचराशिवाय तुला आधार नाही. गिरजाने मान हलवली होती. मनाशी तिचं ठरलेलं होतं.

पण भावकीचा म्होरक्या धाऊ होता. जैतूचा चुलतभाऊ, वयाने लहान, पण आवाज सगळ्यांत मोठा. उठता बसता त्याच्या तोंडात एकच शब्द, रीत. रीत अशी, रीत तशी. पाचात आटपायचं म्हटल्यावर त्याने नाक मुरडलं, चार म्हाताऱ्यांना पुढे घातलं, आणि दिवस दहाव्यावर नेले. जेवणाचं तेवढं गिरजा ऐकेना. तो म्हणाला, बरं, दहाव्याला जैतूदादाच काय ते सांगेल.

दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवला. करंजाच्या झाडांवर कावळेच कावळे, कावकाव करून कान किटले, पण खाली एक उतरेल तर शपथ. तास गेला, दोन तास गेले. ऊन डोक्यावर आलं. भावकीने हात जोडून सगळं कबूल केलं. गिरजाला सांभाळू, बैलाला सांभाळू, घर शाकारून देऊ. कावळा हलेना. मग धाऊ पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, दादा, तुझं बारावं रीतीनं करतो, तीन गावं जेवू घालतो, वयनी नाय म्हणायची नाय. तो बाजूला झाला न झाला तोच कावळा खाली उतरला आणि पिंडाला चोच लावली.

आता गिरजा काय बोलणार? मेलेल्या माणसाने मागितलं होतं. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

धाऊने मुरबाडच्या बाजारातून सामान आणलं, आचारी आणला, मांडव घातला, आणि त्या खर्चापोटी पुढच्या पावसाळ्यात उंबराखालच्या खाचरात स्वतःचा नांगर घातला. कागद काही केला नाही. कागदाला कशाला खर्च, असं तो चारचौघांत, तिच्या तोंडावर म्हणायचा. वयनीला पोर नाही, अग्नी मीच देणार, खाचर माझ्याच घरात येणार. गिरजा दुसऱ्यांच्या शेतात मजुरीने लावणी करू लागली. दरवर्षी चार दिवस तिला धाऊकडेही जावं लागे. स्वतःच्या खाचरात वाकून, परक्या धन्याची भाताची आवणं ती लावायची.

पण खरं सांगायचं तर तिचा राग धाऊवर नव्हता. तिचा राग जैतूवर होता. एक सांगून गेला आणि वर जाऊन दुसरं मागितलं. बायकोचा आधार बुंदीपायी घालवला. तेरा वर्षं तिने त्याच्या फोटोपुढे दिवा लावला नाही. फोटो पुसायची, आणि तोंड फिरवायची.

दोन हजार सहाच्या शिमग्यानंतर एका दुपारी धाऊची बायको सकुबाई तिच्या ओटीवर येऊन बसली. सकुबाईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं, कल्याणला. भीतीने बाईचं तोंड एवढंसं झालं होतं. काही तरी सांगून मोकळं व्हायचं आहे, असं म्हणाली. मग सांगितलं.

ओटीवर सुकट वाळत घातली की वर काळं फडकं टांगतात, मेल्या कावळ्यासारखं गाठवून. ते दिसलं की कावळा जवळ येत नाही. इकडे कोणत्याही घरात जा, सापडेल. दहाव्याच्या आदल्या दिवशी धाऊने जुन्या छत्रीचं कापड सकुबाईपुढे टाकलं होतं.

"मला म्हनाला, दोन पंख काढ, चोच काढ. मला वाटलं सुकटीवर टांगायचंय. मीच शिवलं गो, वयनी. मागनं कोटाच्या खिशात सापडलं, तवा इचारलं. तर हसला, नि समदं सांगितलं."

करंजाच्या फांदीत, पिंडाच्या बरोबर वर, पानांत दडवून ते टांगलेलं होतं. दोरी खाली धाऊच्या हातात. बोलून झालं, सगळे पिंडाकडे बघत असताना दोरी ओढली, फडकं कोटात गेलं. कावळे बिचारे उपाशी, लगेच उतरले.

गिरजाने सकुबाईला चहा करून दिला. आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. सकुबाई रडून, डोळे पुसून गेली. मग गिरजा उठली, जैतूच्या फोटोपुढे बसली आणि हुंदके देऊन रडली. आपल्या माणसाला तेरा वर्षं खोटारडा समजत होते, हे तिच्या काळजात घुसलं. खाचराचं एक वेळ जाऊ दे, पण धाऊने मेलेल्या माणसाच्या तोंडात स्वतःचे शब्द घातले होते. रडणं थांबलं तेव्हा तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. धाऊला ते खाचर पचू द्यायचं नाही, एवढं एकच तिने ठरवलं. कसं, ते तिलाही माहीत नव्हतं.

रस्ता धाऊनेच दाखवला. माळशेजच्या रस्त्यालगतच्या जमिनींना तेव्हा सोन्याचे दिवस आले होते. मुंबईच्या पार्ट्या गाड्या घेऊन फिरत होत्या. एका पार्टीला हॉटेल काढायला जागा हवी होती. धाऊची दोन खाचरं आणि त्यांच्यामध्ये गिरजाचं, अशी सलग तिन्ही मिळाली तर घेऊ, नाहीतर एकही नको. आणि सातबारावर नाव तर गिरजाचं! रीतीच्या पंडिताचं तेवढं राहून गेलं होतं. तो साखर पेरत आला, म्हणाला, वयनी, अंगठा दे, तुझ्या बाराव्याची आत्ताच सोय करून ठेवतो, जैतूदादाचं बारावं लोक विसरतील. गिरजा म्हणाली, बघू.

त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीतल्या सोमाची आई सोनूबाई वारली. सोनूबाई आणि गिरजा लावणीला बरोबरीने वाकलेल्या. गिरजा गेली. पांढरं कापड, मेणबत्त्या, सगळ्यांनी मिळून म्हटलेली बुद्धवंदना, आणि मग वस्तीच्या मागच्या माळावर माती दिली. दुपारपर्यंत माणसं आपापल्या घरी. सोमाला काही विकावं लागलं नाही, कुणापुढे हात पसरावा लागला नाही, आणि म्हातारीची आठवण काढून तो मोकळेपणाने रडत होता. गिरजाला ते फार वेळ बघवेना. जैतूच्या वेळी तिला रडायलासुद्धा फुरसत मिळाली नव्हती, ती पत्रावळी मोजत होती.

घरी येताना ती वाट वाकडी करून सरपंच धोंडूबाईकडे गेली. धोंडूबाई राखीव जागेवर निवडून आलेली. धाऊ तिला ग्रामसभेत तोंड उघडू देत नसे. दोघी बराच वेळ दार लावून बोलल्या. पुढच्या आठवड्यात दोघी एसटीने मुरबाडला जाऊन आल्या. कुणी विचारलं तर गिरजा सांगायची, डोळे दाखवायला गेले होते.

पार्टी जागा बघायला यायच्या दिवशी धाऊने धुवट धोतर नेसलं होतं. सफारीतले दोघं गाडीतून उतरले, टेप काढली, आणि बांधावर येऊन थबकले. उंबराखालच्या खाचराच्या मधोमध सोमा कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून फावड्याने माती वर टाकत होता. बांधावर गिरजा पाय सोडून बसली होती. बोअरिंगचा खड्डा आहे का, असं सफारीवाल्याने विचारलं.

"माझा हाय," गिरजा म्हणाली. "मला इथं पुरायचंय. इथंच ऱ्हानार मी."

सफारीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. धाऊ हसला, म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणाला. पण गिरजाने धोंडूबाईचा शिक्का असलेला कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, टेप गुंडाळली आणि नमस्कार करून गाडीत बसले. ज्या जागेत प्रेत पुरणार तिथे गिऱ्हाईक जेवायला थांबेल होय? धाऊ गाडीमागे दहा पावलं धावला. मग परत आला. धाऊची बोंब ऐकून भावकीची पाच-सहा माणसंही बांधावर जमली होती.

"मेल्यावर तुला कोण इचारतं?" धाऊचा आवाज चिरकला. "उचलून नेईन, रीतीनं जाळीन. अग्नी दिला की खाचर माझं. मग बग मी काय करतो."

गिरजाने आजवर त्याला भावजी म्हटलं होतं. आता नावाने हाक मारली.

"धाऊ, जाळायचं तर जाळ. खाचर माझं ऱ्हायलंच नाय. मुरबाडला जाऊन पंचायतीला दिलं. मसनवटीला."

मग तिनेच समजावून सांगितलं, पोराला सांगावं तसं. ओढ्याकाठची मसणवट श्रावणात पाण्याखाली जाते, मढं घरात ठेवून बसावं लागतं. आता गावाला कोरडी जागा झाली. कुणाचंही मढं इथे येईल, आपलं, सोमाच्या वस्तीतलं, कातकऱ्याचं. ज्याला बारावं झेपत नाही त्याने इथे यावं, माती द्यावी, घरी जावं. पंचायतीने ठराव केलाय. आणि धाऊने छत्रीच्या कापडाचा कावळा शिवून घेतला होता तेही तिने सांगितलं, भावकीकडे बघत, एकेक शब्द सावकाश. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने धाऊकडे पाहिलं, खाली थुंकला आणि निघून गेला. त्याच्यामागून बाकीचे गेले.

धाऊ त्यांच्याकडे बघत नव्हता. तो आपल्या दोन खाचरांकडे बघत होता, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"माझ्या दोन खाचरांच्या मधी?" तो म्हणाला.

"मधीच. दोनी बांधांना लागून. गिऱ्हाईक मिळालं तर इक."

तो बांधावर बसला. मग हात जोडून म्हणाला, वयनी, चुकलो, कागद फिरव, मी खाचर सोडतो, तुझ्या पाया पडतो. गिरजाने ते सगळं ऐकून घेतलं. मध्ये अडवलं नाही. तेरा वर्षांनी तिला असं ऐकायला मिळत होतं, तिला ते फार गोड लागलं. ऐकून झाल्यावर ती उठली आणि सोमाचा हात धरून खड्ड्यात उतरली.

माती गार होती. ती माप बघायला आडवी झाली आणि वर पाहिलं तर आभाळाचा तुकडा तेवढा दिसला. तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. जैतूला अग्नी मिळाला होता, तिला मिळणार नव्हता. ज्या वाटेने तो गेला ती वाट तिने स्वतःच्या हाताने बंद करून घेतली होती, आणि पुढे कुठे दोघांची गाठ पडेल की नाही, हे सांगायला कुणी नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत गेलं. सोमाने विचारलं, आत्या, बुजवू का, अजून येळ गेली नाय.

गिरजा उठून उभी राहिली. खड्ड्याच्या कडेवरून तिला धाऊ दिसला, गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. तिने त्याच्याकडे चांगलं निरखून पाहिलं.

"पायाकडं वीतभर अजून घे," ती सोमाला म्हणाली.