तासून तासून हलकी झालेली बॅट

मित्रांनो, सियालकोटच्या ज्या कारखान्यात मी घडले, त्याच कारखान्याच्या भिंतीवर आज मी टांगलेली आहे. मी विलोच्या लाकडाची, वेताच्या दांड्याची बॅट. उस्ताद मेराजदीन यांनी मला रंध्याने आकार दिला, जवसाचे तेल चोळले आणि तौकीर चीमाच्या हाती सोपवले. तो पाकिस्तानच्या संघाचा सलामीचा फलंदाज होता.

त्याने घरी लाकडी हातोडीने मला हळूहळू ठोकून खेळण्याजोगे केले. माझ्या मधोमध एक जागा होती. तिथे चेंडू लागला की दांड्यापर्यंत थरथर पोहोचत नसे. पहिल्या हंगामात चेंडूचे लाल ठसे जवळजवळ सगळे तिथेच उमटले. कराचीत शतक झाले तेव्हा त्याने मला उंच धरले आणि सारे मैदान उभे राहिले.

मग सरावात एक उसळता चेंडू हेल्मेटच्या जाळीतून शिरून त्याच्या डाव्या डोळ्याला लागला. सूज उतरली, तो पुन्हा खेळू लागला. पण ठसे आता माझ्या कडेकडे सरकले. जवळजवळ प्रत्येक फटक्याला मी थरथरू लागले. त्याच्या हातांनाही ते कळत असणार.

आमच्याकडे धावा आटल्या की फलंदाज बॅट तासायला आणतात. तौकीरनेही मला आणले.

“उस्ताद, जड झालीये ही. मी चेंडूपर्यंत वेळेवर पोचतच नाही.”

“पुत्तर, तेल फार पाजलंस की काय? नाहीतर लाकूड असं जड होत नसतं.”

“नाही पाजलं. थोडी तासा, बस.”

उस्तादांनी माझ्या पाठीवरून रंधा फिरवला. काही सामन्यांनंतर पुन्हा फिरवला. मी हलकी झाले, आणि माझी ती मधली जागाही आक्रसली. ठसे मात्र कडेलाच राहिले.

एका सकाळी तो किटलीतून चहा ओतत होता आणि त्याची बायको नाहीद त्याच्याकडे बघत राहिली. “चहा बशीत ओतताय. कप इकडे आहे.”

“मला बशीतूनच प्यायचाय.”

“काल जिन्यावर पायरी चुकलात. डोळा दाखवून या.”

“आत्ता नको. संघाला कळलं तर लाहोरच्या कसोटीतून नाव जाईल. आधीच धावा नाहीत, मग पुन्हा कोण घेतंय मला?”

“आणि डोळा?”

“तो कुठे पळून जातोय?”

ती हसली नाही. मी कोपऱ्यात उभी होते. माझ्या अंगावरचे ठसे तिच्या बाजूने साक्ष देत होते, पण त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

लाहोरला पहिल्या डावात चेंडू माझ्या शेजारून गेला आणि त्याचा त्रिफळा उडाला. “ओ चीमासाहेब, बॅट दाखवायला आणलीत की खेळायला?” प्रेक्षकांतून कोणी ओरडले आणि सगळे हसले. दुसऱ्या डावात चेंडू माझ्या पातळ कडेवर आदळला. मला उभी चीर गेली आणि झेल मागे यष्टिरक्षकाच्या हातात विसावला.

घरी आल्यावर तो नाहीदला हळूच म्हणाला, “डाव्या बाजूला पडदा आल्यासारखा वाटतो. बरेच दिवस झाले.”

डॉक्टरांनी तपासले. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, जागेवरून सुटला होता. “लागलं तेव्हाच यायला हवं होतं,” ते म्हणाले. त्यांनी शस्त्रक्रिया केली, पण डाव्या डोळ्याची नजर परतली नाही. पाकिस्तानसाठी तो पुन्हा खेळला नाही.

त्याने मला उस्तादांकडे परत आणून दिले. उस्तादांनी मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगले.

आता गिऱ्हाइके मला हातात घेऊन म्हणतात, किती हलकी आहे. मित्रांनो, माझी चीर भरून निघेल अशी माझी अपेक्षा नाही. एवढेच सांगायचे आहे, की जवळच्या माणसाचा नेम चुकू लागला तर त्याच्या हातातल्या वस्तूला दोष देऊ नका. त्याला नीट दिसते का, ते विचारा. तो हसून टाळेल. तरी पुन्हा विचारा, आणि त्याचा हात धरून घेऊन जा.