राग माणूस पाहून येतो

रविवारी सकाळी नऊ वाजता गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि आतून वाफ निघत होती. औषध कंपनीतल्या एका विक्री अधिकाऱ्याने ही लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. गाडी अकरा वर्षांची, तिसऱ्या हातातली. पण रंग असा चकचकीत, की ऑफिसात सगळे त्याला 'रेसर' म्हणू लागले होते. त्यालाही ते नाव मनापासून आवडलं होतं.

घेताना बायको म्हणाली होती, "अहो, आधी एखाद्या मेकॅनिकला दाखवू या."

"तुला काय कळतं गाड्यांमधलं?" एवढ्यावर विषय संपला.

पहिल्या महिन्यात क्लच गेला. मग खिडकीची काच खाली गेली ती वर येईना. सकाळी चालू केली की डब्यात खिळे हलवावेत तसा इंजिनातून खडखडाट यायचा. दर पंधरा दिवसांनी लिटरभर ऑइल नाहीसं व्हायचं. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर घरातलंही काहीतरी फुटायचं. कधी काचेचा जग, कधी तिचा मोबाईल. एकदा तिचा ओठ. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्याची बहीण म्हणायची, "तापट आहे गं, पण मनाने चांगला आहे."

त्या रविवारी ती टॉर्च धरून त्याच्या शेजारी उभी होती. रेडिएटरच्या पाइपाखाली हिरवट पाणी ठिबकत होतं. तिने वाकून बोट दाखवलं.

"इथून गळतंय बघा. मी तेव्हाच म्हटलं होतं..."

त्याने दोन्ही हातांनी बॉनेट खाली आपटलं. तिचा हात आतच होता!

ती किंचाळली, तेव्हा समोरच्या दोन घरांच्या खिडक्या उघडल्या आणि पुन्हा बंद झाल्या. बॉनेटचा खटका आत, ड्रायव्हरच्या पायाशी होता. त्याने तो जाऊन ओढेपर्यंत ती तशीच ओणवी उभी होती, गाल तापलेल्या पत्र्यावर टेकवून.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं हे?"

"बॉनेट निसटलं," तिच्याआधी तोच बोलला. डॉक्टरांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मग कागदाकडे. कागदावर लिहिलं, अपघात. दोन बोटं मोडली होती. मनगटापर्यंत प्लास्टर घातलं.

मंगळवारी गाडी दोरीने ओढत गॅरेजमध्ये न्यावी लागली. तिथूनच पुढे दवाखान्यात जायचं म्हणून बायकोही बरोबर होती. हे गॅरेज साठीतली एक बाई चालवायची. नवरा गेल्यावर तिने पाना हातात घेतला, तो खाली ठेवला नाही. आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगणारी म्हणून तिचा लौकिक होता. सगळे तिला मावशी म्हणत.

वायरिंगचं काम करणारा एक किडकिडीत म्हातारा कारागीर मावशीने गाडी तपासून लिहिलेला कागद घेऊन पुढे आला. "साहेब, टायमिंग चेन सैल पडलीय. ती कधीही तुटेल. रिंगा झिजल्यात, म्हणून ऑइल जळतंय. हेड गॅस्केट गेलंय, रेडिएटर नवा लागेल. इंजिन खाली उतरवावं लागणार. आणि एक सांगतो, राग मानू नका. ही गाडी पुढून जबर ठोकलेली आहे. वरून नुसता रंग मारलाय."

"किती?"

मावशीने आकडा सांगितला. त्याचा चार महिन्यांचा पगार!

"लुटायला बसलात काय रे!" रेसरने म्हाताऱ्याची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आदळलं. बाकावरचा चाकाचा पाना उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. म्हाताऱ्याने मान फिरवली म्हणून डोळा वाचला. भुवई फुटली, रक्त दाढीवरून ओघळून सदऱ्यावर आलं. रेसरने पाना पुन्हा उगारला.

तेवढ्यात मागच्या गाडीखालून एक माणूस सरपटत बाहेर आला आणि उभा राहिला. पत्रे ठोकून सरळ करणारा तो कारागीर साडेसहा फूट उंच होता. त्याचं नावच पैलवान पडलं होतं. रेसरच्या समोर येऊन तो थांबला. नुसता पाहत राहिला.

रेसरचा हात खाली आला. पाना त्याने हळूच बाकावर ठेवला.

मावशीने म्हाताऱ्याच्या कपाळावर स्वच्छ फडकं दाबून धरलं आणि मग रेसरकडे वळली.

"का थांबलात?"

"मावशी, माझं चुकलं. राग आला की मी माझ्या ताब्यातच राहत नाही."

"खोटं!" मावशी कडाडली. "आत्ता राहिलात की! पैलवान दिसला आणि ताबा परत आला. ही ठोकलेली गाडी गळ्यात मारणाऱ्या त्या विक्रेत्याकडे गेला होतात की नाही?"

"गेलो होतो."

"त्याला मारलंत?"

उत्तर बायकोने दिलं. "त्याच्याकडे दोन दांडगट माणसं उभी होती. हे त्याला 'सर, सर' म्हणत होते. कॉफी पिऊन परत आलो आम्ही."

मावशीची नजर प्लास्टरवर गेली. "आणि हे गं पोरी?"

रेसरने तोंड उघडलं. पण या वेळी ती त्याच्याआधी बोलली.

"बॉनेट निसटलं नाही, मावशी. यांनी आपटलं. माझा हात आत आहे हे दिसत होतं यांना."

मावशी सावकाश म्हणाली, "ऐकलंत? जो राग माणूस पाहून येतो, त्याला राग म्हणत नाहीत, साहेब. ती निवड असते. इंजिन बिघडलं तर मी उघडून दुरुस्त करीन. तुमचं तुम्हालाच उघडावं लागेल."

रेसरने खाली पाहिलं. म्हाताऱ्याचं रक्त त्याच्या बाहीला लागलं होतं. ते पुसायचं सोडून तो तसाच बघत राहिला. त्याला आठवलं, बॉनेट आपटण्याआधी त्याने आजूबाजूला पाहिलं होतं. रस्त्यावर कोणी नाही, याची खात्री करून घेतली होती! हे त्याने आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी तो दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, "कागदावरचा अपघात खोडा. मी केलंय ते." म्हाताऱ्याने पोलिसांत तक्रार दिली, तीही त्याने नाकारली नाही. दंड भरला, जखम भरून येईपर्यंत म्हाताऱ्याची मजुरी दिली. लाल गाडी सगळे दोष सांगून सुट्या भागांच्या भावात विकली. बायको भावाकडे राहायला गेली, तेव्हा बॅग त्यानेच दारापर्यंत नेऊन दिली, 'थांब' म्हणाला नाही. दर गुरुवारी तो समुपदेशकाकडे जाऊ लागला. पहिले दोन महिने बोलायलाच जमलं नाही. नंतर जमलं.

वर्षभराने ती परतली, स्वतःच्या अटींवर. तिचं करंगळीजवळचं बोट अजून पुरतं वाकत नाही. ते आता कधीच वाकणार नाही.

वाचकहो, बिघडलेल्या गाडीला आपण मेकॅनिककडे नेतो. बिघडलेल्या माणसाला मात्र 'तापट आहे बिचारा' म्हणून सोडून देतो. साहेबांपुढे मान खाली घालणारा आणि घरात हात उगारणारा माणूस तापट नसतो, भेकड असतो. हे त्याच्या तोंडावर सांगायला हवं. आणि किंकाळी ऐकू आली तर खिडकी बंद करू नका. जा, दार वाजवा!