रेती आणि वाळू

कंपनीच्या वकिलानं मुकादमाची वही उचलली आणि खणखणीत आवाजात वाचली.

"'वाळू आहे.' 'वाळू नाही.' साहेब, बांधकामावर वाळू कधी असते, कधी संपते. हा माणूस नाही, माल आहे माल!"

वकील पुण्याचा. कोर्टात हशा पिकला. साक्षीला उभ्या हिराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं ज्यानं मुरबाडला कारखान्यांच्या भिंती उभ्या केल्या, तो गवंडी मेल्यावर माल झाला! कंपनीनं युनियनच्या पेन्शन फंडात आपला हिस्सा भरलाच नव्हता, म्हणून फंडानं दावा लावला होता. बाकीच्या गवंड्यांची नावं कंपनीनं निमूट मान्य केली, तिच्या नवऱ्याचं तेवढं नाकारलं. ते गेलं की हिराबाईची पेन्शनही गेली.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

हिराबाईनं पदराचं टोक दातात धरलं. डोळखांबकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात.

"बघा साहेब, बायकोलासुद्धा ठाऊक नाही!"

युनियनची वकील नम्रता उठली. "काकी, सिमेंटात काय कालवतात?"

"रेती."

"वाळू नाही म्हणत?"

"आमच्यात कोण नाय म्हनत तसं. लडकू मुकादम सापगावचा, तो पन रेतीच म्हनायचा. वही उघडा ना! आमच्या सोनालीचं लगीन तीन वर्सांमागं, हनुमान जयंतीला झालं. तेवढं पान काढा."

बारा वर्षांच्या वह्यांचा गठ्ठा कंपनीनं आज सकाळीच कोर्टात आणून टाकला होता. नम्रतानं त्यातली एक ओढली, पानं उलटली आणि थांबली.

"'रेती दोन गाड्या उतरवली.' खाली लिहिलंय, 'वाळू नाही. लेकीचं लग्न.'"

या खेपेला न्यायाधीशही हसले. वकिलानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"पण बाई, पूर्ण नाव तुमच्याच तोंडून लागेल," न्यायाधीश म्हणाले. "सावकाश सांगा."

हिराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. त्याला जाऊन दोन पावसाळे झाले होते. आता कोणाचं आयुष्य कमी व्हायचं राहिलं होतं?

"वाळू देवराम खाकर."

टायपिस्टला नीट ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मग कोणी विचारलं नव्हतं, तरी आणखी एकदा सांगितलं.