‘येते’ पोचवणारी चावी

मी एक चावी बोलतेय. कमरेला अडकवायची नव्हे. मला दात नाहीत, वजन नाही. चाळीस अक्षरं आणि आकडे, तेही एकाला एक न लागणारे, एवढंच माझं अंग. वेबसाईट जिथे ठेवतात, त्या कंपनीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये माझा जन्म झाला. पॅनेल म्हणजे वेबसाईटचं माजघर. बाहेरच्या कुणाला तिथे कामाला लावायचं असेल, तर माझ्यासारखी चावी बनवून त्याच्या हाती देतात.

मला बनवलं नेत्रानं, माहुलच्या कोळीवाड्यात, ओट्यावर बसून. तिची आजी सोनूबाई घाटकोपरच्या बाजारात मासळी विकायची. नेत्रानं आजीसाठी वेबसाईट केली आणि निरोप पाठवणारी एक परकी सेवा माझ्यामार्फत तिला जोडली. सकाळी गिऱ्हाइकांना कळवायचं, आज काय आहे. दुपारी एकला कळवायचं, संपलं. त्यांची उत्तरंही माझ्याच वाटेनं पॅनेलमध्ये यायची.

"आजी, शेवटी काय लिहू? धन्यवाद?"

"धन्यवाद कसला गो? पाटी उचलून निघताना मी काय बोलते? येते. तेच लिव."

"अगं, पण तेव्हा तू जातेस ना!"

"जाते नाय बोलायचा. जाते बोलला का मानूस परत येत नाय."

मग निरोप ठरला : ‘आजचं म्हावरं संपलं. येते. सोनूबाई.’ जोडणी नीट झाली का ते बघायला पॅनेलमध्ये चाचणीचा नंबर टाकावा लागतो. आजोबांचा, म्हणजे अनंताचा फोन शेजारीच पडला होता, नेत्रानं त्याचा नंबर टाकला. फोन वाजला तसा जाळं विणणारा अनंता दचकला. सोनूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस.

पाच महिने झकास गेले. मग एके दिवशी सकाळी सोनूबाईचा हात दुखत होता. "आज नको जाऊ," अनंता म्हणाला. तिनं ऐकलं नाही, दोघांची चांगलीच जुंपली. दारात पाटी डोक्यावर घेऊन ती म्हणाली, "येते." घरात राहणाऱ्यानं यावर "ये" म्हणायचं असतं. अनंतानं जाळ्यातून मान वर केली नाही.

अकराला ती बाजारात पाटीशेजारी टेकली, ती उठलीच नाही.

आणि एक वाजता मी नेहमीसारखं बेचाळीस जणांना कळवलं, ‘येते. सोनूबाई.’ मला त्याची लाज वाटते. पण मरणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवलेलं नाही. मला चालू कळतं आणि बंद कळतं.

तेराव्यानंतर नेत्रानं सकाळचा निरोप थांबवला, गिऱ्हाइकांची यादी पुसली. यादीच रिकामी, म्हणजे दुपारचाही थांबला, असं तिला वाटलं. पण चाचणीचा नंबर यादीत नसतो, त्याचा कप्पा वेगळा; यादी रिकामी असली की निरोप त्या नंबराकडे वळतो. त्यामुळे रोज एकला एकच निरोप जाऊ लागला, एकाच फोनवर.

अनंताच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्यांदा शेजारच्या सुगंधानं तो निरोप वाचून दाखवला. "अगो बाय, सोनूबाई!" एवढंच म्हणून ती उठली, आणि नंतर दुपारची त्या ओट्याकडे फिरकलीच नाही. पुढे अनंताला वाचून घ्यायची गरज उरली नाही. एकला फोन वाजला की कोण, ते त्याला ठाऊक होतं. माईकचं बटण दाबून तो उत्तर द्यायचा.

"दार उघडा हाय."

"पाऊस आयलाय, पाटी झाक."

"कवा येतंस गो?"

मी एकेक उत्तर पॅनेलमध्ये आणून ठेवत होते. ते उघडायला कुणी येत नव्हतं. मेलेल्या बाईचा शब्द बाहेर न्यायचा, जित्या माणसाचा आत आणायचा. भूत म्हणतात ते मीच की काय, असं मला वाटायला लागलं. भर उन्हात मला भीती वाटायची.

ऑपरेशनच्या दोन तारखा अनंतानं चुकवल्या. "दुपारचा जमनार नाय," एवढंच कारण. आता उशीर केला तर नजर कायमची जाईल, असं डॉक्टर म्हणाले. नेत्रा रडली, ओरडली. म्हातारा ओट्यावरून हलेना.

आज सकाळी पॅनेलनं तिला सूचना दिली, ‘एक चावी वर्षभर बदललेली नाही.’ मला रद्द करायला ती आली आणि तिला उत्तरं दिसली, दोनशे अकरा. तीन ऐकली, चौथं तिच्यानं ऐकवेना. लॅपटॉप घेऊन ती अनंताशेजारी येऊन बसली.

"आजा, ते निरोप आजीचे नाहीत रे. माझी चूक आहे. तुझा नंबर काढायचा राहिला."

"ठाव हाय मना."

"मग दार कशाला उघडं ठेवतोस?"

अनंतानं दाराकडे तोंड वळवलं. "ती येते बोलली. मी ये बोललो नाय. तवापासून रोज बोलायला बघतो, दुसराच कायतरी निघतो तोंडातून. ये बोलल्याबिगर ती जाईल कशी?"

नेत्रानं त्याचा हात धरला. "मग आज बोल. मी बसते."

एक वाजला. मी निघाले. फोन वाजला. अनंतानं तो तोंडाशी धरला. आठ सेकंद नुसता श्वास, मागे रिफायनरीकडे जाणाऱ्या टँकरचा हॉर्न. मग आवाज आला.

"ये, सोनू. सावकास ये."

त्यानं फोन खाली ठेवला, चाचपडत उठला आणि दार लोटून घेतलं. "डाक्टरला फोन लाव गो," म्हणाला.

तो ‘ये’ मी पॅनेलपर्यंत आणलाय. पुढे कुठे न्यायचा, तो पत्ता माझ्याकडे नाही. तेवढी एक जोडणी कुणालाच जमलेली नाही.

तुमच्या घरातून कुणी ‘येते’ म्हणत निघालं, तर कितीही राग असो, हातातलं काम ठेवा आणि ‘ये’ म्हणा. मी दोनशे बारा फेऱ्या मारून हे सांगतेय.

नेत्राचं बोट आता ‘रद्द करा’वर आहे. रद्द झालेली चावी पुन्हा चालू होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी सोनूबाईच्या हाताखाली वाढलेय, दुसरा शब्द तोंडात येत नाही.

येते.