कोपरा नसलेलं कार्ड

मी कार्ड बोलतोय. छापखान्यातलं नव्हे, हातानं केलेलं. माझा वरचा उजवा कोपरा नाही, हे तुम्ही बघितलंच असेल; पण उगाच कीव करू नका. मला जो काही मान आहे, तो त्या नसलेल्या कोपऱ्यानंच मिळवून दिलाय.

माझा जन्म जवाहरनगरच्या क्वार्टरमधला, शहात्तर सालच्या दिवाळीच्या तोंडावरचा. मला घडवलं शोभाताईंनी. त्यांचं माहेर पवनीच्या विणकरांचं, आणि नवरा मधुकरराव कारखान्यात. अशा बाईंनी संसार सोडून कागद का कापावा? तर भावासाठी. सेवकराम हा त्यांचा थोरला भाऊ, आणि तीन दिवाळ्या झाल्या, तो रुसून बसला होता.

झालं होतं असं. भाऊबीजेला त्यानं स्वतःच्या मागावर विणलेलं लुगडं आणलं. गडद पोपटी, लाल काठाचं. शेजारच्या चार साहेबीण बाया बसलेल्या होत्या. त्यांच्यापुढे शोभाताईंच्या तोंडून निघून गेलं, "दादा, असा भडक रंग इथं कोणी नेसत नाही." सेवकरामनं ओवाळून घेतलं नाही, पानावर बसला नाही, चपला घालून थेट बसस्टँड गाठलं. विणकराला एक वेळ शिवी द्या, पण त्याच्या रंगाला नाव ठेवू नका.

मग पत्रं गेली. उत्तर नाही. तेव्हा शोभाताईंनी ठरवलं, या माणसाला अक्षरं नकोत, रंगच पाठवावा.

माझं अंग म्हणजे बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर त्यांनी जो धिंगाणा घातला, तो बघायला इंद्रधनुष्य खिडकीशी येऊन उभं होतं, खोटं नाही सांगत. वाळवून ठेवलेली पळसाची फुलं उकळून केशरी काढला. तव्याच्या काजळीचा काळा, कपड्याच्या निळीचा निळा. हळदीत चुना पडला आणि पिवळ्याचा एकदम लाल झाला, तर बाई एकट्याच टाळी वाजवून हसल्या. फुटक्या बांगड्यांचे तुकडे चिकटवले, सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावली, धानाची एक लोंबी आडवी निजवली. मधुकरराव दारातून म्हणाले, "शाळेतल्या पोरीवानी काय करून राहिली?" पण गेले नाहीत, तिथंच बसले.

अडलं ते पोपटीवर. हळदीत नीळ घातली, तर डबक्यातलं शेवाळ झालं. वालाच्या पानांचा रस काढला, तो वाळून तपकिरी. आता काय? विचार करता करता त्यांनी पदराला हात पुसले आणि पदराकडेच बघत राहिल्या. ते लुगडं त्यांच्या अंगावरच होतं. खोचायच्या टोकाला विरलेलं. तिथली बोटभर पट्टी त्यांनी कापली आणि माझ्या छातीवर लावली.

चिकटवायला गोंद नाही. विणकराची लेक ती. सुताला देतात तशी भाताची खळ शिजवली आणि मला सढळ हातानं माखलं. वरच्या कोपऱ्यात शुभाची हळद लावली आणि तिथंच बोटानं चार शब्द लिहिले, भाऊबीजेचं बोलावणं. हात खळीनं भरलेले, म्हणून मागचा पत्ता आणि पाठवणाऱ्याचं नाव मधुकररावांनी लिहिलं. बांगड्यांमुळे पाकिटात मावेना, म्हणून तिकीट पाठीवर लावून तसाच उघडा निघालो.

वाटेत टपालाच्या थैलीत भेटला उंदीर. मांजराएवढा होता. त्याला रंगाशी काय घेणं? त्याला भाताचा वास आला. हळद, खळ, बोलावणं, सगळ्यासकट कोपरा त्यानं फस्त केला.

आता कोपरा तुटलेलं टपाल म्हणजे मरणाची खबर, हे तुम्हाला सांगायला नको. पवनीच्या भय्याजी पोस्टमननं मला दोन बोटांत धरून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि मान खाली घातली. जानकीबाई, म्हणजे सेवकरामची बायको, बाहेर आली. मी एवढा नटलेला, आणि माझ्याकडे बघून तिनं हंबरडा फोडला. अक्षर मधुकररावांचं, आणि वर शोभाताईंच्या लुगड्याचा तुकडा. कोण गेलं, हे वेगळं विचारायची गरज उरली नाही.

अशी चिठ्ठी घरात नेत नाहीत. बाहेरच फाडतात. "फाडून टाका जी," जानकीबाई रडत म्हणाली.

सेवकरामनं मला दोन्ही हातांत धरलं. मी डोळे मिटले. पण त्याचा अंगठा पोपटी पट्टीवर थांबला.

"माह्या मागावरचं हाय," तो म्हणाला. "मी नाही फाडत."

मला सदऱ्याच्या खिशात घालून तो निघाला. बसमध्ये त्याच्या छातीची धडधड एवढी, की माझी एक बांगडी निखळली.

क्वार्टरच्या मागं तारेवर ते लुगडं वाळत होतं. तो कुंपणाला धरून उभा राहिला. तेवढ्यात लुगड्याच्या पलीकडून हात आला, पदर बाजूला झाला आणि शोभाताई दिसल्या.

"दादा! कार्ड भेटलं वाटते."

सेवकरामनं मला पुढं केलं. "कोपरा कोठी हाय याचा?"

बाईंनी माझा कुरतडलेला काठ बघितला. उमगलं तेव्हा हसू आलं, आणि हसता हसता रडू. तो मात्र तारेवरचं लुगडं हातात घेऊन बघत होता. पदर, काठ, घडी. गडद पोपटीचा कोवळ्या धानासारखा रंग झालेला.

"एवढं कायनं फिकं पडलं? माहा रंग कच्चा नव्हता."

"नेसल्यानं," शोभाताई म्हणाल्या. "तुम्ही गेले, तवापासून हेच नेसून राहिली."

तो ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं.

इकडे जानकीबाईनं अर्धी पवनी गोळा केली होती. संध्याकाळच्या बसमधून सोयरे गळा काढत उतरले, तर दारात जिवंत शोभाताई चकल्या तळतायत! रडायला आलेली माणसं फराळ करून गेली. एवढी माणसं जमवायला राजाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा कमी पडली असती. भाऊबीजेला सेवकरामनं ओवाळून घेतलं, तेव्हा मी तबकात होतो, सुपारीच्या शेजारी.

त्याला आता दहा वर्षं होतील. हल्ली मी पवनीत, सेवकरामच्या मागाच्या खांबावर, काचेत असतो. माझा केशरी उडालाय, निळा राखाडी झालाय. माझ्या छातीवरच्या फिक्या पोपटीशी ताडून तो सूत रंगवतो. दर भाऊबीजेला एक लुगडं त्याच रंगाचं विणतो. गिऱ्हाइकानं गडद मागितलं तर म्हणतो, "गडद कोणीही देईन. हा रंग नेसून नेसून येते."

परवा घरातल्या नव्या सुनेनं मला काचेतून काढलं. सोनेरी कागदाचा कोपरा लावते म्हणाली. पोरगी गुणाची, हातही चांगला. पण बाई, तेवढं करू नकोस. बाकी कुठंही हवे ते रंग चिकटव, मी नटायला कधी नाही म्हणत नाही. तो कोपरा तेवढा रिकामा राहू दे. मला खांबावर जागा त्यानंच दिली.