कोपऱ्यातली नळी

तपासणीखोलीतला तंत्रज्ञ सकाळपासून कावलेला होता. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातली एक नळी पुन्हा लहरीपणा करत होती, ती बदला म्हणून सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं होतं, आणि आज टेबलावर पेशंट म्हणून त्याची सख्खी थोरली बहीण होती.

हे यंत्र करतं तरी काय, असं ताईने विचारलं. त्याने कंटाळत का होईना, सांगितलं. शिरेतून दिलेलं औषध हाडांत जाऊन बसतं, तिथून किरण निघतात. किरण कॅमेऱ्यातल्या स्फटिकावर आपटला की बारीकशी चमक उठते. ती चमक नळीत शिरून एखादा इलेक्ट्रॉन उडवते. तो पुढच्या पट्टीवर आदळून चार उडवतो, चाराचे सोळा होतात, आणि शेवटच्या पट्टीपर्यंत लाखो. तेव्हा कुठे पडद्यावर एक ठिपका उमटतो.

"म्हणजे राईचा पर्वत. तुझ्या बायकोला जमेल हे काम," ताई म्हणाली आणि तिने डोळे मिटले. सासूचं आजारपण, नातवंडं, वर स्वतःची दुखरी कंबर, सगळं ओढून ती पार थकली होती. भर दुपारी आडवं व्हायला मिळालं, यातच तिला सुख होतं.

पडद्यावर हाडं उमटू लागली, आणि उजव्या खुब्याशी एक गडद डाग. हाडात बिघाड असला की औषध तिथेच जास्त साठतं, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याच्या ध्यानात आलं, डाग नेमका कोपऱ्यातल्या त्याच नळीखाली आहे. बिनसली की ती असले खोटे डाग पाडायची. वर्षभर जिला शिव्या घातल्या, तिच्या पाया पडायला तो आता तयार होता.

खात्री करणं सोपं होतं. टेबल वीतभर सरकवायचं. डाग पडद्यावर जागच्या जागी राहिला तर दोष नळीचा. ताईबरोबर सरकला तर दुखणं ताईचं. टेबल का हलवतोस, असं तिने विचारलं तेव्हा त्याने हे सांगूनही टाकलं. मग बटणावर बोट ठेवून तो उगाच थोडा वेळ थांबला.

डाग सरकला.

"डॉक्टर सांगतील" हे वाक्य एरवी त्याच्या जिभेवर तयार असायचं. आज त्याने ते गिळलं.

"नळीच बिघडलीय ना रे?" ताईने डोळे न उघडता विचारलं.

"नाही, ताई. आज ती बरोबर आहे."

ताईने डोक्याखालची उशी सारखी केली.

"मग मला लगेच उठवू नकोस," ती म्हणाली. "घरी गेले की सगळ्यांची समजूत मलाच घालावी लागेल."